माडीवरची फळी आणि बादलीभर पाणी

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. साताऱ्याला आमचे जुने दुमजली घर आहे. खालची जमीन शहाबादी फरशीची, पण माडीवरची जमीन सागवानी फळ्यांची. जाड तुळया, त्यांवर कड्या आणि कड्यांवर ठोकलेल्या वीतभर रुंदीच्या फळ्या, असा तो जुन्या पद्धतीचा कडीपाट. धाकट्या आत्याचे लग्न फेब्रुवारीत ठरले होते. पाहुण्यांच्या गाद्या माडीवरच पडणार होत्या. तेव्हा माडी लख्ख करायची कामगिरी आम्हां भावंडांवर आली.

आजी रोज माडी झाडून घेई आणि आठवड्यातून एकदा ओलसर फडके फिरवी. ते आम्हांला फारच मिळमिळीत वाटले. आम्ही खालून दहा-बारा बादल्या पाणी वर नेले, त्यात धुण्याचा सोडा घातला आणि खराट्याने फळ्या घासून काढल्या. पाणी फटींतून खालच्या खोलीत गळू लागले तेव्हा आजी ओरडली. पण तोपर्यंत काम उरकले होते. माडी स्वच्छ दिसत होती. आम्ही खूष होतो.

तीन-चार दिवसांनी अनवाणी चालताना पायाला काहीतरी वेगळेच जाणवले. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर उचलल्या होत्या आणि मधला भाग पन्हळीसारखा खोलगट झाला होता. घाईघाईने सुताराला बोलावणे गेले. म्हातारे सुतार येऊन फळ्यांवरून हात फिरवून म्हणाले, "भाऊ, एक उन्हाळा जाऊ द्या. फळी आपोआप बसंल." पण लग्न दोन आठवड्यांवर आलेले. वडिलांनी दुसऱ्या एका सुताराकडून उचललेल्या कडांवर रंधा मारून घेतला. माडी सपाट झाली, लग्न पार पडले. मे महिन्यात मात्र नवेच संकट उभे राहिले. आता फळ्यांचे मधले भाग वर आले आणि कडा खाली गेल्या!

म्हाताऱ्या सुतारांना हे आधीच कसे कळले? याचे उत्तर मला पुढे पदार्थविज्ञान शिकताना मिळाले. आज ते तुम्हांला सांगायचे आहे. लाकडी जमीन फक्त जुन्या वाड्यांतच असते असे नाही. गोव्यातील जुन्या दुमजली घरांत ती आहे, मुंबईच्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत आहे, नाट्यगृहाच्या रंगमंचावर आणि बॅडमिंटनच्या मैदानातही आहे. शहरांतील नव्या घरांत ती 'वुडन फ्लोअरिंग' या नावाने पुन्हा येऊ लागली आहे. तिची निगा राखण्याचे नियम पाठ करण्याची गरज नाही. लाकूड म्हणजे काय हे समजले की ते नियम आपोआप सुचतात.

लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी

लाकडाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. झाडाच्या खोडात अतिशय बारीक, लांबट पेशींच्या नळ्या उभ्या रचलेल्या असतात. झाड जिवंत असताना त्यांतील काही नळ्यांतून पाणी वर चढते. झाड तोडून फळी कापली की नळ्यांच्या पोकळीतील पाणी आधी निघून जाते. पण नळ्यांच्या भिंतीत मुरलेले पाणी इतक्या सहजी जात नाही.

या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या असतात. सेल्युलोजच्या लांब साखळ्यांवर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट असतात, आणि पाण्याच्या रेणूंना त्यांचे विलक्षण आकर्षण असते. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू येऊन या गटांना चिकटतात, साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि साखळ्यांना एकमेकींपासून दूर सारतात. लाकूड फुगते. हवा कोरडी झाली की हेच रेणू सुटून जातात आणि लाकूड आकसते. "लाकूड श्वास घेते" असे आपण म्हणतो. लाकूड श्वास घेत नाही. ते हवेशी पाण्याची देवघेव करते. झाड तोडून शंभर वर्षे झाली तरी ही देवघेव थांबत नाही.

ही देवघेव मोजता येते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत लाकडात किती टक्के पाणी आहे, त्याला आपण लाकडाचा ओलावा म्हणू. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ३० टक्के राहिली तर लाकडाचा ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ५० टक्के असेल तर तो सुमारे ९ टक्के, ६५ टक्क्यांना १२ आणि ८० टक्क्यांना सुमारे १६ टक्के होतो. आता आपल्या देशावरचे हवामान आठवा. एप्रिलच्या दुपारी हवेची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, तर ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर जाते. जाड फळी सावकाश बदलते, त्यामुळे ती ही दोन्ही टोके गाठत नाही. तरीही उन्हाळ्यात ८ टक्के आणि पावसाळ्यात १४ टक्के, असा सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो.

सहा टक्के म्हणजे किती मिलिमीटर?

लाकूड सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. ओले सागवान पूर्ण वाळवले, तर वर्षवलयांच्या कडेकडेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते. खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीच्या दिशेने मात्र इतके थोडे, की ते विसरले तरी चालेल. कारण सेल्युलोजच्या साखळ्या बहुतांशी लांबीच्या दिशेने धावतात आणि पाणी त्या साखळ्यांना लांब करीत नाही, फक्त बाजूला सारते.

हे आकसणे लाकडाचा ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास आला की सुरू होते आणि शून्यापर्यंत चालू राहते. म्हणजे ओलावा एक टक्का बदलला की फळीची रुंदी ५.८ भागिले ३०, सुमारे ०.१९ टक्के बदलणार. आमच्या माडीची फळी २०० मिलिमीटर रुंद आहे. ती वलयांच्या कडेने कापलेली असेल, तर सहा टक्क्यांच्या फरकाने होणारा बदल असा :

२०० × ०.००१९ × ६ = सुमारे २.३ मिलिमीटर.

एका फळीत दोन मिलिमीटर म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण चार मीटर रुंदीच्या खोलीत अशा वीस फळ्या शेजारी शेजारी असतात. त्या सगळ्या मिळून ४६ मिलिमीटर झाल्या! प्रत्यक्षात सगळ्या फळ्या एकाच पद्धतीने कापलेल्या नसतात आणि खिळेही त्यांना धरून ठेवतात, म्हणून फरक कमी पडतो. पण उन्हाळ्यात माडीच्या फळ्यांमध्ये ज्या फटी दिसतात त्या सुताराच्या चुकीमुळे नव्हेत, हे आता तुमच्या ध्यानात येईल. त्या फटी पावसाळ्यात फुगणाऱ्या फळ्यांसाठी राखलेली जागा आहे. रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात फट ठेवतात ती उष्णतेसाठी. इथली फट पाण्यासाठी. फटी वाईट दिसतात म्हणून उन्हाळ्यात त्या लांबी भरून घट्ट बुजवल्या, तर पावसाळ्यात फळ्या फुगायला जागा न मिळून वर उचलल्या जातील.

कडा का उचलल्या?

आता आमच्या पराक्रमाकडे वळू. आम्ही ओतलेले पाणी फटींतून खाली गेले. फळ्यांच्या वरच्या बाजूला आजोबांच्या काळापासून तेलाचा हात फिरत आला होता. खालची बाजू आणि कडा मात्र कोऱ्या होत्या. त्यांनी पाणी भराभर शोषले. वरची बाजू खिडकीतल्या उन्हाने आणि वाऱ्याने लवकर वाळली. म्हणजे फळीचा खालचा भाग फुगलेला आणि वरचा आकसलेला. एकाच पट्टीची एक बाजू लांब आणि दुसरी आखूड झाली की पट्टी वाकणारच. पितळ आणि लोखंड यांची जोडपट्टी तापवली की वाकते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. आमची फळी तशीच वाकली. तिचा खालचा भाग रुंद झाल्यामुळे कडा वर उचलल्या.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. खालचे पाणी सावकाश निघून गेले असते, तर वरचा आणि खालचा भाग पुन्हा सारखे कोरडे झाले असते आणि फळी पुष्कळशी सपाट झाली असती. "एक उन्हाळा जाऊ द्या" याचा अर्थ हाच. पण आम्ही फळी वाकडी असतानाच तिच्या कडा रंध्याने छाटून टाकल्या. मे महिन्यात फळीने आपला मूळ आकार पुन्हा घेतला. पण कडांवरचे लाकूड आता तिथे नव्हते! म्हणून कडा खाली गेल्या आणि मध्ये उंचवटा राहिला. छाटलेले लाकूड परत आणता येत नाही. आपल्या जंगलांत चांगल्या जाडीचा साग तयार व्हायला पन्नास ते ऐंशी वर्षे लागतात. आम्ही ते एका दुपारच्या घाईत भुश्शात घातले.

दुसरा शत्रू : वाळूचा कण

पाणी हा लाकडी जमिनीचा पहिला शत्रू. दुसरा शत्रू आपण स्वतःच चपलेला चिकटवून घरात आणतो.

खनिजांची कठीणता फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली मांडलेल्या श्रेणीने सांगतात. त्या श्रेणीत खिडकीची काच सुमारे साडेपाच येते. नदीच्या वाळूतील क्वार्ट्‌झ ७ येते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या धुळीत फेल्डस्पार असते, तेही सुमारे ६ येते. लाकूड आणि त्यावरचे तेल, मेण किंवा व्हार्निश यांपैकी काहीही याच्या जवळपास पोचत नाही. म्हणून वाळू पायाखाली घासली गेली की ती सुताराच्या काचकागदासारखे काम करते. तुमच्या घरातील कोणती जागा सर्वांत आधी निस्तेज होते ते पाहा. ती दाराजवळची वाट असेल.

दाबाचे गणित तर आणखी बोलके आहे. लाकडाची कठीणता मोजण्याची एक पद्धत गाब्रिएल यांका या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्ध्यापर्यंत लाकडात रुतवायला किती भार लागतो, ते या पद्धतीत पाहतात. हा विचित्र व्यास मुद्दाम निवडला आहे. अर्धी रुतल्यावर गोळीच्या छेदाचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस सेंटिमीटर होते. सागवानासाठी हा भार सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोग्रॅम येतो.

आता सामानाने भरलेले २०० किलोग्रॅमचे लोखंडी कपाट घ्या. त्याचे चार पाय, म्हणजे प्रत्येकावर ५० किलोग्रॅम. पायाचा तळ ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम साडेबारा किलोग्रॅम भार आला. सागवानाला याचे काहीच वाटणार नाही. पण त्या पायाखाली २ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाचा एक खडा आला, तर? पायाचा सारा भार खड्यावर एकवटतो आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला २,५०० किलोग्रॅम होतो! खडा लाकडात रुततो. मग कपाट सरकवले की तोच खडा नांगरासारखा फळी उकरत जातो. तेव्हा दारातले पायपुसणे, घराबाहेर काढलेल्या चपला आणि खुर्ची-टेबलांच्या पायांना चिकटवलेले जाड कापडाचे तुकडे ही दिखाऊ टापटीप नव्हे. हे लाकडाचे खरे चिलखत आहे.

चमक जाते म्हणजे काय होते?

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो. त्याला आपण चमक म्हणतो. पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडले की प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि जमीन पांढुरकी, मळकट दिसू लागते. पुष्कळदा ती मळलेली नसतेच. ती ओरखडलेली असते. तिला कितीही धुतले तरी उपयोग होत नाही, आणि जोराने घासले तर ओरखडे वाढतात.

अशा फळीवर तेलाचे बोट फिरवा. ती लगेच गडद आणि तजेलदार होते. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असतो आणि तो हवेपेक्षा लाकडाला पुष्कळ जवळचा आहे. ओरखड्यांत हवेऐवजी तेल भरले की प्रकाश विखुरणे कमी होते. वहीच्या कागदावर तेल सांडले की कागद अर्धपारदर्शक होतो, त्याचेही कारण हेच. इथपर्यंत ठीक. पण कोणते तेल?

वाळणारी आणि न वाळणारी तेले

दोन काचपट्ट्या घ्या. एकीवर खोबरेल तेलाचा आणि दुसरीवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ थर द्या आणि धूळ लागणार नाही अशा हवेशीर जागी ठेवून द्या. आठ-दहा दिवसांनी बोट लावून पाहा. खोबरेल तेल ओशटच राहिलेले असेल. जवसाचे तेल मात्र दाट, चिकट होऊ लागले असेल आणि आणखी काही दिवसांनी त्याची साय धरल्यासारखी चिवट कातडी होईल.

जवसाचे तेल 'वाळते' म्हणजे त्यातील पाणी उडून जात नाही. त्यात पाणी नसतेच. त्याच्या रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध पुष्कळ असतात. हवेतील ऑक्सिजन त्या बंधांपाशी येऊन रेणूंना एकमेकांशी जोडतो आणि सगळ्यांचे मिळून एक जाळे तयार होते. तेल वाळताना ऑक्सिजन घेते, म्हणून त्याचे वजन सुरुवातीला चक्क वाढते. खोबरेल तेलात असे दुहेरी बंध अगदी थोडे असतात. शेंगदाण्याच्या तेलातही ते पुरेसे नसतात. ही तेले जमिनीला लावली तर दोन दिवस चकाकतात. मग त्यांवर धूळ चिकटते, धुळीत वाळू असते आणि वाळू काय करते हे आपण पाहिलेच. कोकणात आणि गोव्यात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावतात. तेही वाळते आणि वाळवीपासून संरक्षण करते. पण ते ओले असताना कातडीला लागले तर फोड येतात. त्याला मुलांनी हात लावू नये.

इथे एक इशारा. हा नियम पाठच करा. जवसाच्या तेलाचा ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता बाहेर पडते. फळीवरच्या पातळ थरातून ती हवेत निघून जाते. पण तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर? कापडाच्या धाग्यांमुळे तेलाचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो, ऑक्सिजन भरपूर मिळतो आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. तापमान वाढते, त्याने क्रियेचा वेग वाढतो, त्याने तापमान आणखी वाढते. आणि काही तासांनी बोळा आपोआप पेट घेतो. काडी नाही, ठिणगी नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर भिंतींच्या लाकडी तावदानांना झिलई देण्याचे काम चालले होते. कामगारांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या तिथेच टाकून दिल्या होत्या. आग अठरा तासांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. म्हणून जवसाच्या तेलाची फडकी काम संपताच उघड्यावर, एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत. हे काम मोठ्या माणसांच्या देखतच करावे.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी नव्हे

जवसाचे तेल पूर्णपणे नैसर्गिक आहे, तरी ते आग लावू शकते. घरगुती नैसर्गिक उपायांकडे पाहताना हे विसरू नये. लाकडी जमीन व्हिनेगरने किंवा लिंबाच्या पाण्याने पुसावी असा सल्ला वारंवार दिला जातो. व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असते. एकदा पुसल्याने फार बिघडणार नाही, पण आठवड्यामागून आठवडे आम्ल लागत राहिले की वरचा लेप हळूहळू निस्तेज होतो. उलट धुण्याचा सोडा हा अल्कली. तो तेलकट लेपाचा साबण करून त्याला लाकडावरून उतरवतो. आमच्या माडीवरचा आजोबांच्या हातचा तेलाचा थर आम्ही असाच धुऊन काढला होता!

लाकडी जमिनीवर ओल्या लोखंडी बादलीच्या बुडाचे काळे वर्तुळ तुम्ही पाहिले असेल. तो मळ नव्हे, ती शाई आहे. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. हिरड्यात टॅनिन असते आणि हिराकशीत लोह. त्या दोहोंचा संयोग काळा असतो. पुष्कळ लाकडांत टॅनिन असते. ओल्या बादलीतून लोह मिळाले की फळीवरच शाई तयार होते. ती घासून जात नाही. ताज्या डागावर लिंबाच्या रसाचा एखादा थेंब थोडा वेळ ठेवून लगेच ओलसर फडक्याने टिपून घेतला, तर डाग फिका होऊ शकतो. कारण सायट्रिक आम्ल लोहाला धरून ठेवते. म्हणजे लिंबू हे एका डागावरचे औषध आहे, रोजचे जेवण नव्हे.

मग स्वच्छ करायचे तरी कसे?

आजी जे करीत होती, तसेच. फक्त आता आपल्याला त्यामागची कारणे माहीत आहेत.

पहिली गोष्ट, रोज मऊ केरसुणीने झाडावे. धूळ उडू नये यासाठी जपानमध्ये एक जुनी युक्ती आहे. चहाची वापरलेली पत्ती पिळून, किंचित ओलसर असताना जमिनीवर पसरतात आणि मग झाडतात. धूळ पत्तीला चिकटून येते. ओलसर लाकडाचा भुस्साही तेच काम करतो. मात्र पत्ती जमिनीवर ठेवून देऊ नये. चहातही टॅनिन आणि रंग असतो, त्यामुळे फिक्या फळीवर डाग पडेल.

दुसरी गोष्ट, पाण्याच्या थेंबाची परीक्षा. फळीवर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला, तर वरचा लेप शाबूत आहे. तो पसरून मुरला आणि तिथे गडद डाग उमटला, तर फळी उघडी पडली आहे. अशा फळीवर पाणी मुळीच लावू नये. आधी तेल किंवा मेण लावण्याची व्यवस्था करावी.

तिसरी गोष्ट, लेप शाबूत असेल तर घट्ट पिळलेल्या फडक्याने, फळीच्या लांबीच्या दिशेने पुसावे आणि मागोमाग कोरडे फडके फिरवावे. किती घट्ट पिळायचे? फडक्यातून दर चौरस मीटरला २० ग्रॅम पाणी जमिनीवर राहिले, तर थराची जाडी फक्त ०.०२ मिलिमीटर होते. पंख्याखाली तो पाहता पाहता उडून जातो. बादलीचे पाणी असे उडत नाही. ते फटी शोधते.

चौथी गोष्ट, ओशट डाग असेल तरच रिठ्याचे फिके पाणी वापरावे. त्यात सोड्यासारखा अल्कली नसतो. पण तेही फडक्यालाच लावावे, जमिनीवर ओतू नये. फेसाळ पाण्याचा पृष्ठताण कमी असतो, त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा अधिक सहज पसरते आणि बारीक फटींत शिरते.

आणि पाचवी गोष्ट, पावसाळ्यात वारा खेळता ठेवावा आणि ओल्या छत्र्या व बादल्या माडीवर नेऊ नयेत. काही सांडलेच, तर ते त्याच क्षणी टिपावे.

नव्या घरांत जी 'लाकडी' जमीन असते ती तीन प्रकारची असू शकते. एक अस्सल लाकडाची. दुसरी, पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवून केलेली. हिच्यात एका थराचे फुगणे दुसरा थर रोखून धरतो, कारण लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ फुगतच नाही. ही युक्ती लाकडाच्या दोषातूनच शोधलेली आहे! तिसरी म्हणजे लाकडाच्या भुश्शाच्या दाबलेल्या पाटावर लाकडाचे छायाचित्र चिकटवलेली. हिला तेल लावून काहीही उपयोग नाही, आणि सांध्यातून पाणी शिरले तर फुगलेला पाट बहुधा पूर्ववत होत नाही. तुमच्या घरात यांपैकी काय आहे ते फळीची कड पाहून ओळखता येईल का? पाहा बरे.

तुम्ही करून पाहा

सुताराकडून वलये स्पष्ट दिसणारा, बोटभर जाडीचा लाकडाचा एक आडवा काप मागून आणा. शाळेच्या तराजूवर त्याचे वजन करा आणि पट्टीने किंवा व्हर्निअर कॅलिपरने त्याची वलयांच्या कडेची आणि त्रिज्येच्या दिशेची लांबी मोजा. दर महिन्याच्या एक तारखेला ही मोजणी करून वहीत टिपा. सोबत त्या दिवशीची हवेची आर्द्रताही लिहा. जून ते मे अशी बारा महिन्यांची नोंद झाली की आलेख काढा. वजनाचा आलेख आर्द्रतेच्या किती मागून चालतो? दोन दिशांच्या बदलांचे गुणोत्तर दोनाच्या आसपास येते का? शिक्षकांना हा प्रयोग वर्गाला वाटून देता येईल. प्रत्येक गटाने वेगळे लाकूड घ्यावे.

म्हातारे सुतार आता हयात नाहीत. त्यांनी सेल्युलोजचे नावही ऐकले नसेल; पण लाकूड पाणी सोडायला किती वेळ घेते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. सुट्टीत साताऱ्याला गेलो की मी आजही माडीवर अनवाणी चालतो. मे महिन्यात प्रत्येक फळीचा मधला उंचवटा तळपायाला स्पष्ट लागतो. पावसाळ्यात तो थोडा कमी होतो. मग मी फडके भिजवतो, घट्ट पिळतो आणि फळीच्या लांबीने पुसायला लागतो.